ब्लॉकेज, नव्या रक्तवाहिन्या आणि एन्झाइम्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. इंदूरला कॉलेजात बरीच वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली आणि आता रिटायर आहे. रामबागेतल्या आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये अर्ध्या लोकांना स्टेंट तरी आहे नाहीतर शुगर तरी, त्यामुळे प्रश्न रोजचेच आणि तेच ते. शेवटी भाचा म्हणाला, मावशी, एकदा लिहूनच टाक ना, म्हणजे रोज घसा कोरडा करायला नको. तर हे घ्या. गोळ्या चालू-बंद करायचं यातून ठरवू नका, त्यासाठी तुमचे डॉक्टर आहेत.

इस्केमिया म्हणजे ब्लॉकेजच ना?

जवळजवळ. ब्लॉकेज हे कारण आणि इस्केमिया हा परिणाम, म्हणजे अवयवाला लागतं तेवढं रक्त न पोचणं. हृदयात झालं तर अंजायना (छातीत दुखणं) किंवा अटॅक, मेंदूत झालं तर लकवा, पायात झालं तर चालताना पोटरी दुखते आणि फारच वाढलं तर जखम भरत नाही, बोट काळं पडतं.

पण एन्झाइम्स तर पचनाची असतात ना? त्यांचा रक्तवाहिन्यांशी काय संबंध?

हा गोंधळ शाळेतल्या लाळेच्या प्रयोगापासून सुरू होतो आणि पाचक सिरपच्या जाहिराती तो पक्का करतात. एन्झाइम म्हणजे एखादी रासायनिक क्रिया भराभर घडवून आणणारं प्रोटीन, आणि तुमच्या प्रत्येक पेशीत अशी हजारो एन्झाइम्स आत्ता हे वाचताना कामाला लागलेली आहेत. रक्तवाहिनीच्या गोष्टीत कुणी ऑक्सिजन मोजतं, कुणी खोदकाम करतं, कुणी वाहिनी सैल करतं, कुणी गुठळी कापतं. आणि यातलं एकही सरसकट चांगलं किंवा सरसकट वाईट नाही, कुठे आणि कधी काम करतंय त्यावर सगळं अवलंबून. खाली हे मी परत परत म्हणणार आहे, कंटाळू नका.

ऑक्सिजन कमी पडतोय हे पेशीला कळतं कसं?

हा माझा शिकवायचा सगळ्यात आवडता भाग. आपल्याकडे इंदूरला नर्मदेचं पाणी पार जलूद गावाहून पंप करून येतं, पण आज पाणी आलं की नाही हे बघायला कुणी जलूदला जातं का, आपापल्या घरची तोटी उघडून बघतो. पेशी तेच करते. तिच्यात एचआयएफ नावाचं प्रोटीन सतत बनत असतं आणि सतत मोडीतही निघत असतं, ऑक्सिजन भरपूर असला तर त्याचं आयुष्य पाचेक मिनिटांचं. त्याच्यावर मोडीचा शिक्का मारणारं एन्झाइम म्हणजे प्रोलिल हायड्रॉक्सिलेज, शॉर्टमध्ये पीएचडी (हो, पोरं दरवर्षी त्यावर तोच एक जोक करायची). गंमत अशी की शिक्का मारायला या एन्झाइमला ऑक्सिजनच लागतो, शिवाय लोह आणि व्हिटॅमिन सी पण. ऑक्सिजन घटला की पीएचडीचा हात मंदावतो, शिक्का लागत नाही, एचआयएफ साचायला लागतं आणि पेशीच्या केंद्रात जाऊन एकदम खूप जीन्स चालू करतं. त्यातलाच एक व्हीईजीएफ, म्हणजे "इकडे रक्तवाहिनी पाठवा" असा निरोप.

हे कोडं उलगडल्याबद्दल २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन या तिघांना मिळालं.

मग त्या पीएचडीला मुद्दाम थांबवलं तर? भरपूर वाहिन्या फुटतील?

डोकं बरोबर चाललंय तुमचं. पीएचडी थांबवणाऱ्या गोळ्या बाजारात आहेतही, अहमदाबादच्या एका कंपनीच्या डेसिडुस्टॅटला भारतात २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, पण ती किडनीच्या आजारात हिमोग्लोबिन वाढवायला, कारण रक्त बनवायचा हुकूमही एचआयएफच देतं. ब्लॉकेजसाठी ती नाही. उलट याच गटातल्या एका गोळीवर अमेरिकेत गुठळ्या होण्याच्या धोक्याची ठळक वॉर्निंग छापलेली असते.

नवीन रक्तवाहिनी उगवते म्हणजे नेमकं काय होतं?

जुन्या केशवाहिनीला कोंब फुटतो. वाहिनीच्या आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं, त्यातल्या एखाद्या पेशीला व्हीईजीएफचा निरोप पोचतो. तिच्या अंगावर जो रिसेप्टर असतो तो स्वतःच एन्झाइम आहे, टायरोसिन कायनेज, बाहेर निरोप चिकटला की आत फॉस्फेटचे ठप्पे मारत सुटतो. ती पेशी मग पुढारी होते आणि बोटांसारखे बारीक तंतू बाहेर काढून चाचपडत जिकडे ऑक्सिजन कमी तिकडे सरकायला लागते, बाकीच्या मागून येतात, आपसात जुळून आत पोकळ नळी करतात.

पण पुढे सरकायला वाट पाहिजे ना. वाहिनीभोवती कोलॅजन या चिवट प्रोटीनची घट्ट चादर असते, ती कापायला एमएमपी नावाची एन्झाइम्स लागतात, पोटात जस्ताचा अणू घेऊन फिरणाऱ्या कात्र्याच समजा. यातली एक कात्री तर पुढारी पेशीच्या अंगालाच जोडलेली असते, म्हणजे जाईल तिथे कापत जाईल. आणि चादर कापली की तिच्यात आधीपासून अडकून पडलेलं व्हीईजीएफही सुटतं, म्हणजे खोदता खोदता आणखी खोदायची ऑर्डर निघते, नगरपालिकेसारखं.

एमएमपी पहिल्यांदा सापडलं १९६२ मध्ये, बेडकाच्या पिल्लात. त्याची शेपटी गळते ती कोण गळवतं हे शोधता शोधता.

खोदकाम थांबवतं कोण?

तीच एन्झाइम्स! म्हणजे बघा, प्लास्मिनोजेन नावाचं प्रोटीन एका जागी कापलं तर प्लास्मिन बनतं जे गुठळी विरघळवतं आणि वाट मोकळी करतं, आणि तेच प्रोटीन दुसऱ्या जागी कापलं तर त्याचा तुकडा अँजिओस्टॅटिन होतो, जो वाहिन्यांची वाढ थांबवतो. कोलॅजनच्या एका प्रकारातून असाच एंडोस्टॅटिन निघतो. हे दोन्ही तुकडे अमेरिकेत ज्युडा फोकमन यांच्या लॅबमध्ये १९९४ आणि १९९७ ला सापडले. शिवाय एमएमपीला बूच लावणारी टिंप नावाची प्रोटीन्स वेगळी.

म्हणजे एमएमपी वाढवणं चांगलं का?

नाही हो. हृदयाच्या धमनीत चरबीचा जो थर असतो त्याच्यावर कोलॅजनचं झाकण असतं. आत शिरलेल्या पांढऱ्या पेशी एमएमपी सोडून तेच झाकण कुरतडतात, ते फाटलं की त्यावर गुठळी जमते आणि तो अटॅक. पायात जी कात्री तुम्हाला हवीय तीच हृदयात नकोय. बरं मग सगळ्या कात्र्या बंद करू म्हटलं तर तेही कॅन्सरमध्ये करून झालंय, मॅरिमास्टॅट नावाच्या औषधाने पेशंटचे सांधे धरले आणि कॅन्सरमध्ये अपेक्षित फायदा मिळाला नाही.

नायट्रिक ऑक्साइडबद्दल फार ऐकू येतं, ते काय प्रकरण आहे?

हा एक गॅस, आपल्याच वाहिन्यांचं अस्तर तो बनवतं, ईनॉस नावाच्या एन्झाइमकडून, आर्जिनिन हे अमिनो ऍसिड आणि ऑक्सिजन वापरून. काही सेकंदच टिकतो पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूला सैल करून जातो, वाहिनी रुंद होते. व्हीईजीएफचा निरोपही बराचसा याच एन्झाइममार्फत पुढे जातो, आणि म्हणूनच कॅन्सरमध्ये व्हीईजीएफ अडवणारी औषधं दिली की पुष्कळांचं बीपी चढतं.

याच्या शोधाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. फर्चगॉट नावाचे शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून त्यावर औषध टाकून बघायचे, पट्टी कधी सैल व्हायची, कधी उलट आवळायची. शेवटी लक्षात आलं की पट्टी तयार करताना आतली बाजू चुकून घासली गेली की ती सैल व्हायचं विसरते. म्हणजे ज्याला नुसता प्लास्टर समजत होते ते अस्तरच काहीतरी सोडत होतं! १९८० मध्ये हे छापून आलं, १९९८ ला त्यांना इग्नारो आणि मुराद यांच्यासोबत नोबेल मिळालं. आणि स्वतः आल्फ्रेड नोबेलला म्हातारपणी हृदयासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं होतं, ज्याचा डायनामाइट करून तो श्रीमंत झाला तेच.

बिघाड इथेही होतो. शुगर, सिगरेट, बीपी यांनी ईनॉसचा एक मदतनीस कमी पडला की तेच एन्झाइम नायट्रिक ऑक्साइडच्या ऐवजी सुपरऑक्साइड ओकायला लागतं, जो अस्तराला जाळतो.

अजून एक, हे हसण्यावारी नेऊ नका. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी जो परिणाम वाढवते त्याला आवर घालणारं एन्झाइम म्हणजे पीडीई-५, आणि व्हायग्रासारख्या गोळ्या बरोबर तेच बंद करतात. दोन्ही एकत्र घेतल्या तर बीपी धाडकन खाली जातं, जीवही जाऊ शकतो. अटॅकच्या पेशंटने लाज न बाळगता डॉक्टरांना खरं सांगावं.

बीटाचा ज्यूस खरंच चालतो का?

थोडाफार, आणि रस्ता मजेशीर आहे. बीट, पालक यातलं नायट्रेट शरीरात शोषलं जातं, लाळेतून परत तोंडात येतं, तिथे जिभेच्या मागच्या भागावर बसलेले बॅक्टेरिया त्यांच्या एन्झाइमने त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीर त्यातून नायट्रिक ऑक्साइड काढतं. हे काम आपल्या पेशींना नीट जमतच नाही, बॅक्टेरियाच लागतात, त्यामुळे दिवसातून दोनदा जंतुनाशक माउथवॉशने चुळा भरून वर बीटाचा ज्यूस पिणाऱ्यांनी जरा विचार करावा. बीपी थोडं कमी होतं, ब्लॉकेज मात्र याने उघडत नाही. आणि किडनीवाल्यांनी आधी विचारून घ्या, पोटॅशियम असतं त्यात.

शरीर स्वतः वाहिन्या बनवू शकतं तर मग बायपास कशाला?

माझ्या धाकट्या काकांनी मला हाच प्रश्न विचारला होता, जरा रागानेच. काकांची आधी गोष्ट सांगते. रामबागेतून राजवाड्याकडे पायी निघालो की ते दर थोड्या वेळाने एखाद्या दुकानासमोर उभे राहायचे, भांड्याचे भाव वाचायचे, साड्या बघायचे. काकू म्हणायची, म्हातारपणी यांना शॉपिंगची हौस आली. हौस कसली, पोटरी आखडायची, दोन मिनिटं उभं राहिलं की सुटायची आणि लोकांना कळू नये म्हणून हे शोकेस बघत उभे. पंचावन्न वर्षांची बिडी.

तर उत्तर. कोंब फुटून ज्या वाहिन्या होतात त्या केशवाहिन्या, केसाहून बारीक. मांडीतली मोठी धमनी बंद झाली तर तिचं काम अशा हजार नळ्यांनी होत नाही, कारण नळीतून जाणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो, त्रिज्या दुप्पट झाली की प्रवाह सोळा पट. म्हणून शरीराला खरी मदत दुसऱ्या रस्त्याने होते, आधीपासून असलेल्या बारीक आडवाटा, कोलॅटरल म्हणतात त्यांना, त्या रुंद होतात. मोठी लाइन बंद झाली की आडवाटेने रक्त जोरात धावायला लागतं, त्या घर्षणाने अस्तर जागं होतं, ईनॉस वाढतं, पांढऱ्या पेशी येऊन भिंत मोडून नव्याने रुंद बांधतात. याला दिवस नाही, आठवडे आणि महिने लागतात, आणि वय, शुगर, तंबाखू हे तिन्ही त्यात खोडा घालतात. हळूहळू बंद होणाऱ्या धमनीला कधीकधी हा वेळ मिळतो. अचानक गुठळीने बंद झालेलीला मिळत नाही.

व्हीईजीएफचं इंजेक्शन द्यायचं ना मग पायात, हृदयात?

दिलं. नव्वदच्या दशकात केवढी आशा होती याची. हृदयासाठी विवा नावाची ट्रायल झाली, १७८ पेशंट, ६० दिवसांनी बघितलं तर औषधवाले आणि नुसतं पाणी टोचलेले यांच्यात फरक नाही, दोघांनाही बरं वाटत होतं! १२० दिवसांनी जास्त डोसवाल्यांची छातीदुखी जरा कमी दिसली, एवढंच. पायासाठी दुसऱ्या एका वाढ-घटकाच्या जीनची टमारिस ट्रायल, ५२५ पेशंट, २०११ मध्ये निकाल छापला, पाय कापणं किंवा मृत्यू यात काही फरक पडला नाही. नुसता एक निरोप ओरडून दिला म्हणून वाहिनी उभी राहत नाही, खोदणारे, थांबवणारे, भिंत बांधणारे सगळे वेळेवर लागतात, आणि म्हाताऱ्या, शुगर असलेल्या पायात तो निरोप ऐकणाऱ्या पेशीच थकलेल्या असतात. प्रयोग अजून चालू आहेत.

गुठळी विरघळवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात, त्या घ्याव्या का?

इथे माझा आवाज चढतो, माफ करा. काकांना ओळखीतल्याच एका एजंटाने तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात बांधला, सोबत रंगीत कागद, त्यावर आधी बंद आणि मग लख्ख उघडलेल्या धमनीचं चित्र. काकांनी डॉक्टरांच्या गोळ्या मध्येच बंद केल्या, कारण "हे नॅचरल आहे". तीन महिन्यांत न थांबता चालायचं अंतर वाढायचं सोडून कमीच झालं.

एन्झाइम म्हणजे प्रोटीन, तोंडाने घेतलं की बहुतांश पोटात पचतं, डाळीसारखंच. सेराशिओपेप्टिडेज आपल्याकडे दात काढल्यावर सर्रास लिहितात, ते मुळात रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या बॅक्टेरियाचं. जपानमध्ये ते २०११ मध्ये बाजारातून मागे घेतलं, कारण नव्याने तपासलं तेव्हा उपयोग सिद्ध करता आला नाही. नॅटोकायनेज सोयाबीनच्या जपानी आंबवणातून येतं, परीक्षानळीत गुठळी कापतं हे खरं, पण धमनीतला जुना, चुना भरलेला थर ही ताजी गुठळी नव्हेच. वर तुम्ही रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असाल तर रक्तस्राव वाढायची भीती वेगळी.

मग अटॅकमध्ये देतात ते इंजेक्शन?

ते खरं. टेनेक्टेप्लेज, अल्टेप्लेज ही एन्झाइम्सच आहेत, थेट शिरेतून देतात, ती प्लास्मिनोजेनचं प्लास्मिन करतात आणि प्लास्मिन गुठळीचे धागे कापतं. स्ट्रेप्टोकायनेज मात्र नावात "एज" असूनही स्वतः एन्झाइम नाही, प्लास्मिनोजेनला चिकटून त्याला कामाला लावतं. ठरावीक प्रकारच्या अटॅकमध्ये पहिल्या १२ तासांपर्यंत देतात, पण जितकं लवकर तितकं बरं, पहिल्या एक-दोन तासांची सर पुढे येत नाही. लकव्यात नेहमीचा हिशोब साडेचार तासांचा, तोही स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव नाही हे बघूनच. म्हणून "गॅस असेल, सकाळी बघू" म्हणत रात्र काढू नका, सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, खाऊन आल्यावर छातीत दुखलं तरी ते कचोरीमुळेच असेल असं नाही.

रिपोर्टमध्ये कार्डियाक एन्झाइम लिहितात ते हेच का?

वेगळे. हृदयाच्या पेशी मेल्या की त्यांच्यातला माल रक्तात सांडतो, तो मोजतात. पूर्वी एसजीओटी, एलडीएच, मग सीके-एमबी, ही एन्झाइम्स होती. आता मोजतात ते ट्रोपोनिन, जे एन्झाइम नाहीच, स्नायूचं साधं प्रोटीन आहे, पण लॅबवाल्यांच्या तोंडात जुनं नाव बसलंय.

धमनी उघडल्यावरही नुकसान होतं म्हणतात, खरं का?

खरं. रक्त बंद असताना पेशीत काही कचरा साचतो, ऑक्सिजन एकदम परत आला की झँथिन ऑक्सिडेज, एनएडीपीएच ऑक्सिडेज अशी एन्झाइम्स त्यातून सुपरऑक्साइड बनवतात, शिवाय कॅल्शियमचा गोंधळ होतो, सूज येते. यातल्या झँथिन ऑक्सिडेजला अडवणारी युरिक ऍसिडची गोळी, ऍलोप्युरिनॉल, तीही जुन्या हृदयविकारात तपासली गेली, ५,७०० च्या वर पेशंट, २०२२ चा निकाल: अटॅक, लकवा, मृत्यू काहीच कमी झालं नाही. म्हणून धमनी उघडायची नाही असा अर्थ काढू नका, बंद ठेवण्यात नुकसान कितीतरी जास्त.

शुगरवाल्यांच्या डोळ्यात वाहिन्या जास्त होतात आणि पायात कमी, असं कसं?

डोळ्याच्या पडद्यात बारीक वाहिन्या बंद पडतात, पडदा व्हीईजीएफ ओततो आणि कच्च्या, गळक्या वाहिन्या फुटून रक्त सांडतं, म्हणून तिथे व्हीईजीएफ अडवायचं इंजेक्शन द्यावं लागतं. पायात ऐकणाऱ्या पेशी दुबळ्या, आडवाटा रुंद होत नाहीत. एकाच माणसाच्या डोळ्यात ब्रेक पाहिजे आणि पायात ऍक्सिलरेटर. नुकताच अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना इंजेक्शनच्या आधी आवर्जून सांगा.

माझ्या रोजच्या गोळ्यांचा एन्झाइम्सशी काही संबंध?

जवळजवळ सगळ्यांचाच. ऍस्पिरिन प्लेटलेटमधलं कॉक्स एन्झाइम कायमचं निकामी करतं, प्लेटलेटला केंद्रच नसल्याने ती नवीन बनवू शकत नाही आणि सात ते दहा दिवसांचं उरलेलं आयुष्य तशीच काढते. स्टॅटिन लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवतं, पहिला स्टॅटिन जपानच्या अकिरा एन्डो यांनी बुरशीतून काढला. नावाच्या शेवटी "प्रिल" असेल तर ती बीपी वाढवणाऱ्या एसीई एन्झाइमवर, यातली पहिली कॅप्टोप्रिल, कल्पना ब्राझीलच्या एका सापाच्या विषावरून आली. या गोळीने कोरडा खोकला येतो कारण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं एक रसायनही मोडत असतं, ते मग साचतं. खोकला आला तर गोळी स्वतः बंद करू नका, बदलून मिळते.

पायासाठी चालायचं तर किती आणि कसं?

पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की परत चालायचं. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, कमीत कमी १२ आठवडे. आधी डॉक्टरांना हृदय दाखवून घ्या. दुखायच्या आधीच थांबलात तर फायदा कमी. मजा म्हणजे अंतर वाढतं तरी घोट्याचं प्रेशर (पायाला रक्त किती पोचतं ते बघायला मोजतात, खाली सांगते) बऱ्याचदा तेवढंच राहतं, कारण सुधारणा नुसत्या नव्या वाहिन्यांची नसते, अस्तरातलं ईनॉस वाढतं आणि स्नायूतली एन्झाइम्स आलेला ऑक्सिजन जास्त काटकसरीने वापरायला शिकतात. काकांनी बिडी सोडली (दोनदा परत धरली, मग सोडली), गोळ्या परत सुरू केल्या आणि रोज चालले. आता राजवाड्यापर्यंत एकदाच थांबतात.

पायाला रक्त कमी पोचतंय हे कळतं कसं?

घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी यांचा भागाकार, एबीआय म्हणतात, सुईसुद्धा टोचत नाहीत. ०.९ च्या खाली आला तर धमनी अरुंद आहे. शुगर जुनी असेल तर धमन्या कडक होऊन आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, तेव्हा अंगठ्याचं प्रेशर घेतात.

पाय अचानक गार पडून बधिर झाला तर?

चोळत बसू नका, शेकू नका, गरम पाण्यात घालू नका. तो पाय तासांच्या हिशोबात जातो. लगेच १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून अशा हॉस्पिटलला न्या जिथे रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत, आणि दुखणं किती वाजता सुरू झालं ते घड्याळ बघून लिहून ठेवा, तिथे पहिला प्रश्न तोच विचारतात.